भाताच्या खाचरांमध्ये सहा दिवस : बालीतील एका मुक्कामाची दैनंदिनी

पहिला दिवस, ८ जून २०२५

आईला सत्तर वर्षे पूर्ण झाली की तिला परदेशी घेऊन जायचे, हे मी फार पूर्वीच ठरवले होते. कुठे जायचे, हे मात्र तिने ठरवले. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी तिने चाळीसहून अधिक पावसाळे लावणी केली आहे. मी तिच्यापुढे समुद्रकिनाऱ्यांची आणि बर्फाच्छादित शिखरांची चित्रे ठेवली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "जिथे आपल्यासारखा भात पिकतो असा दुसरा एखादा देश दाखव." म्हणून बाली, आणि बालीतही समुद्रापासून दूर, उबुदच्या उत्तरेला भातशेतीत वसवलेल्या सहा व्हिलांपैकी एक. बाबा आले नाहीत. मृग लागला की लावणीच्या रोपांचा तरवा पेरायचा असतो, आणि यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळल्यामुळे जमीन वाफशावर येण्याची वाट पाहत ते घरीच थांबले.

सिंगापूरमार्गे देनपसारला उतरलो. व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि पर्यटकांवर फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या कराचे दीड लाख रुपिया, हे आकडे ऐकून आई दचकली. आपल्या रुपयाच्या मानाने तिथला रुपिया किती हलका आहे, हे समजावून सांगेपर्यंत आम्ही रांगेच्या टोकाशी पोहोचलो होतो. विमानतळाला गुस्ती ङुराह राय यांचे नाव आहे. नोव्हेंबर १९४६ मध्ये मार्गा गावाजवळ डच सैन्याशी लढताना ते आपल्या साऱ्या तुकडीसह मारले गेले. पुढचा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता वाहनांच्या गर्दीमुळे दोन तास चालला. बातुबुलानमधले दगडी मूर्तींचे कारखाने आणि मास गावातली लाकडी कोरीवकामाची दुकाने मागे पडली, आणि मग अंधार झाला.

त्यामुळे जिथे आलो ती जागा आम्ही प्रथम पाहिली नाही, ऐकली. बेडूक, रातकिडे, आणि या सगळ्यांच्या खालून अखंड वाहणारे पाणी. दारात एका मुलीने हळद आणि चिंच घालून केलेले जामू नावाचे पेय दिले. आईला ती "ईबु" म्हणाली. या शब्दाचा अर्थ आई असाच होतो, हे कळल्यावर आईने तिच्या गालावरून हात फिरवला.

दुसरा दिवस, ९ जून

सकाळी सहाला पडदा सरकवला आणि दोघीही काही वेळ बोललो नाही. आमच्या ओसरीपुढे पोहण्याचा छोटा तलाव होता, त्याची पलीकडची कड दिसतच नव्हती, आणि जिथे तलावाचे पाणी संपत होते तिथूनच खाचरांचे पाणी सुरू झाल्यासारखे वाटत होते. एकाखाली एक अशी ती खाचरे नारळीच्या रांगेपर्यंत उतरत गेली होती. काही खाचरांत नुसते पाणी होते आणि त्यात आभाळ होते. काहींत गुडघाभर हिरवे पीक होते. एका कोपऱ्यात तरवा इतका दाट आणि कोवळा होता की उन्हात तो पिवळा भासत होता.

व्हिलेविषयी लिहायला हवे, कारण ती खरोखर सुंदर होती. अलांग-अलांग नावाच्या गवताने शाकारलेले उंच उतरते छप्पर, सागाचे खांब, राखाडी मऊ दगडाच्या भिंती. न्हाणीघराला छप्पर नव्हते, नुसती उंच भिंत आणि तिच्या आत चाफा. आपल्याकडच्या कौलारू घराला पावसाळ्यात जो गारवा असतो, तो या गवताच्या छपराखाली भर दुपारी होता. आईने छताखालच्या बांबूंच्या गाठी मान वर करून निरखल्या आणि एकही खिळा दिसत नाही, हे तिनेच मला दाखवले.

न्याहारीच्या आधी कालचीच मुलगी हातात ताट घेऊन आली. ताटात नारळाच्या कोवळ्या पातींचे, तळहाताएवढे चौकोनी द्रोण होते. त्यांना चानांग सारी म्हणतात. पूर्वेला पांढरे फूल, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे, उत्तरेला निळे किंवा हिरवे, वर उदबत्ती. तिने एक द्रोण तलावाच्या काठावर ठेवला, एक उंबऱ्याशी, एक बागेतल्या छोट्या देवळीत, आणि प्रत्येक वेळी फुलाने पाणी शिंपडून हात हलकेच पुढे नेला, जणू उदबत्तीचा धूर ती कुणाकडे तरी पोहोचवत होती. स्वयंपाकघरात तर याहूनही जवळचे काही दिसले. पहिला भात शिजला की केळीच्या पानाच्या बोटभर तुकड्यांवर चिमूटभर भात ठेवून ते तुकडे चुलीपाशी, पाण्यापाशी, दारापाशी मांडतात आणि त्यानंतरच घरची माणसे जेवतात. आमचे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत. आईला त्यांची आठवण झाली.

भाषेचाही एक आनंद तिथेच मिळाला. उभ्या पिकाला पादी, मळलेल्या दाण्याला गाबाह, कांडल्यावर बेरास आणि शिजल्यावर नासी. भात खाणाऱ्या माणसांना या एका वस्तूसाठी एक शब्द पुरत नाही. आपल्याला तरी कुठे पुरतो? साळ, तांदूळ आणि भात. त्यातही शेतात उभा तोही भात आणि ताटात वाढलेला तोही भात.

बागेतून एक दोन हात रुंद ओहोळ वाहत होता. त्याच्यावर लाकडी साकव होता, काठाने नेचे लावले होते आणि पाहुणे साकवावर उभे राहून छायाचित्रे काढत होते. मीही काढली. आई मात्र ओहोळाच्या वरच्या अंगाला गेली, वाकून पाहिले आणि मला हाक मारली, "अगं, हे पाणी शोभेचं नाही. हा पाट आहे." तिने दाखवले तिथे पाण्यात एक आडवा ओंडका बसवलेला होता आणि त्याला दोन खाचा होत्या, एक रुंद, एक अरुंद. रुंद खाचेतले पाणी बागेतून सरळ खालच्या शेतांकडे जात होते आणि अरुंद खाचेतले उजव्या हाताच्या खाचरात.

तिथे काम करणारे गृहस्थ, वायान, आम्हाला पाहून जवळ आले. (बालीत बहुतेक घरांत पहिल्या अपत्याला वायान किंवा पुतु म्हणतात, दुसऱ्याला माडे, तिसऱ्याला न्योमान, चौथ्याला केतुत. त्यामुळे नाव सांगताच माणसाचा घरातला क्रम कळतो.) त्यांनी सांगितले की त्या ओंडक्याला तेंबुकु म्हणतात आणि खाचेची रुंदी कुणालाही स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. ज्याच्या वाट्याला जेवढे पाणी, तेवढीच खाच. ही व्हिला दोन खाचरांच्या जागेवर उभी आहे. परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, म्हणून मालकाने ती जागा भाडेपट्ट्याने घेतली. बांधकाम सुरू होण्याआधी सुबाकची, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेची, माणसे आली आणि त्यांनी अट घातली की घर कसेही बांधा, पाट मात्र आहे तिथून आहे तेवढाच वाहिला पाहिजे. ज्या ओहोळाची मी छायाचित्रे काढली होती, तो त्या अटीमुळे तिथे होता.

तिसरा दिवस, १० जून

पहाटे बोलण्याच्या आवाजाने जाग आली. तलावापलीकडच्या खाचरात लावणी सुरू झाली होती. आई माझ्या आधीच उठून ओसरीच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मोठे आश्चर्य होते, कारण लावणी करणारे सगळे पुरुष होते. आमच्याकडे नांगरणी आणि चिखलणी पुरुषांची, लावणी बायकांची. वायान यांनी सांगितले की बालीच्या जुन्या रीतीत लावणी हे पुरुषांचे काम आणि कापणी बायकांची. आता ही विभागणी पूर्वीइतकी काटेकोर राहिलेली नाही, पण इथे अजून दिसते. बाकी सारे ओळखीचे होते: पाठमोरे मागे सरकत जाणे, डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची तीन बोटे चिखलात. ठिकठिकाणी बांबूच्या उंच काठ्यांवर लहान भिरभिरी लावली होती. त्यांना पिंदेकान म्हणतात. वाऱ्याने ती फिरली की लाकडावर लाकूड वाजते आणि पाखरे उडतात.

आईने परवानगी विचारायला मला पाठवले. शेतकरी सत्तरीच्या आसपासचे होते. त्यांनी तिच्याकडे, मग तिच्या पायांकडे पाहिले आणि मूठभर रोपे पुढे केली. पुढची वीस मिनिटे माझी आई एका परक्या देशात चिखलात उभी राहून लावणी करत होती. तिची ओळ त्यांच्या ओळीपेक्षा थोडी दाट पडली. त्यांनी हाताने अंतर दाखवले, तिने मान डोलावली आणि पुढची ओळ विरळ लावली. दोघांना एकमेकांचा एकही शब्द कळत नव्हता. या संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जपून ठेवावीशी वाटते ती हीच वीस मिनिटे, आणि त्या वेळी माझ्या हातात कॅमेरा नव्हता याचे मला वाईट वाटत नाही.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. इकडे वड कुठे मिळणार, अशी चिंता आईला होती. वायान यांनी आम्हाला गावच्या देवळापाशी नेले. तिथे पारंब्यांचा प्रचंड वड होता आणि त्याच्या बुंध्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे कापड गुंडाळलेले होते. त्या कापडाला पोलेंग म्हणतात, आणि ज्या झाडाला किंवा दगडाला ते गुंडाळलेले असते तिथे देवत्वाचा वास आहे असे मानतात. घरून आणलेले सूत आईने पर्समध्येच ठेवले. दुसऱ्याच्या देवाच्या झाडाला आपण न विचारता काही बांधू नये, असे ती म्हणाली. तिने फक्त सात प्रदक्षिणा घातल्या.

परतल्यावर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर छापील दिनदर्शिका दिसली. तिचा प्रत्येक चौकोन बारीक अक्षरांनी गच्च भरला होता, आणि वरच्या कोपऱ्यात वर्ष होते १९४७. हे शकाचे वर्ष आहे. आपल्या पंचांगातलाही हाच शके १९४७. बालीचे नववर्ष न्येपी या दिवसाने सुरू होते, आणि त्या दिवशी सारे बेट मौन पाळते. दिवे मंद करतात, रस्त्यावर कुणी येत नाही, विमानतळसुद्धा बंद असतो. यंदा न्येपी २९ मार्चला होती आणि आपला गुढीपाडवा ३० मार्चला. शकांबरोबरच दोनशे दहा दिवसांचे पावुकोन नावाचे आणखी एक चक्र तिथे चालते, आणि गालुंगानसारखे सण त्यानुसार येतात.

संध्याकाळी मर्दन, तेलाचे स्नान आणि नंतर बुबुर इंजिन, म्हणजे काळ्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर. तिच्यातला ताडगूळ आईला आवडला, मीठ थोडे जास्त वाटले.

चौथा दिवस, ११ जून

बालीत आज पौर्णिमेचा दिवस पाळत होते, त्यामुळे तांपाकसिरिंगच्या तीर्ता एम्पुल मंदिरात स्थानिक भाविकांची मोठी गर्दी होती. या मंदिराची स्थापना इसवी सन ९६२ ची मानली जाते. आतल्या कुंडाच्या तळातून झऱ्याचे पाणी वाळू उडवत वर येते आणि बाहेरच्या कुंडांत दगडी तोट्यांमधून पडते. भाविक कमरेएवढ्या पाण्यात उतरून एका तोटीखालून दुसऱ्या तोटीखाली सरकत जातात आणि मृतांच्या संस्कारांसाठी राखलेल्या तोट्या सोडून देतात. तीर्ता म्हणजे आपलेच तीर्थ. आई पाण्यात उतरली नाही, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून काठावर बसून राहिली.

मला तिथे जाणवलेली गोष्ट अशी की या कुंडातले पाणी तिथे थांबत नाही. तेच पुढे पाकेरिसान नदीला मिळते आणि त्या खोऱ्यातल्या शेतांना जाते. खाली गुनुंग कावीला त्याच नदीच्या दरीत कातळात कोरलेली, सुमारे सात मीटर उंचीची अकराव्या शतकातली दहा स्मारके आहेत. तिथे उतरायला जवळजवळ तीनशे पायऱ्या आहेत, म्हणून आई वरच थांबली आणि मी एकटी खाली गेले. आपल्या लेण्यांमध्ये वावरलेल्या माणसाला कातळात कोरलेले काही पाहून लगेच घरच्यासारखे वाटते. इथे वेगळे होते ते दोन्ही अंगांचे पाणी. पायऱ्यांच्या कडेची खाचरे भरलेली होती, आणि राजांच्या स्मारकांइतकाच शेतकऱ्यांच्या पाटालाही त्या दरीत मान होता.

पाचवा दिवस, १२ जून

जातिलुविहला जायला दोन तास लागले. बातुकारू पर्वताच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर ही खाचरे आहेत. बालीच्या सुबाक पद्धतीला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या वारशाच्या पाच जागांमध्ये हा प्रदेश आहे, तसे कालचे पाकेरिसानचे खोरेही आहे. उबुदजवळच्या तेगल्लालांगला मी जाणीवपूर्वक टाळले. तिथली खाचरे देखणी आहेत, पण झोपाळ्यांची आणि छायाचित्रांसाठी केलेल्या मचाणांची इतकी दाटी झाली आहे की शेत पाहायला मान वळवावी लागते.

इथे लाल भात पिकत आला होता. हे जुने बियाणे उंच वाढते आणि संकरित जातींपेक्षा जास्त दिवस शेतात राहते. एका कडेला कापणी सुरू होती आणि विळा कुठेच दिसत नव्हता. बायकांच्या तळहातात आनी-आनी नावाचे लहानसे पाते होते आणि त्याने त्या एकेक लोंबी खुडत होत्या. तांदळाची देवता देवी श्री हिला मोठे पाते पाहून भीती वाटू नये, म्हणून ते मुठीत लपवायचे, असा समज आहे. लोंब्यांच्या जुड्या बांधून त्या उंच पायांच्या, होडीसारख्या छपराच्या कोठारात ठेवतात. बालीतील कितीतरी हॉटेलांनी आपल्या खोल्यांना हाच आकार दिला आहे, हे मला त्या कोठारासमोर उभे राहिल्यावर समजले.

सुबाक म्हणजे एकाच स्रोताचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. तिचे उल्लेख अकराव्या शतकातील लेखांपासून सापडतात. तिचा प्रमुख पेकासेह, तिचे नियम म्हणजे आविग-आविग, आणि प्रत्येक बंधाऱ्यापाशी, प्रत्येक मोठ्या वाटणीपाशी तिचे देऊळ. या देवळांची साखळी वर बातुर सरोवराच्या देवी दानूपर्यंत जाते. कुणी कधी लावणी करायची आणि कुणी कधी जमीन मोकळी ठेवायची, हे या देवळांतल्या सभांमध्ये ठरते. शेजारचे सुबाक एकाच वेळी शेते रिकामी ठेवतात, तेव्हा किडीला खायला काही उरत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली असती, तर मात्र पाणी पुरले नसते. या दोन गरजांचा मेळ घालणे हेच सभेचे काम आहे. १९७० नंतरच्या दशकात सरकारने अधिक उत्पन्नाच्या जाती आणल्या, आणि जमेल तितक्या वेळा पीक घ्या, असा आग्रह धरला. पाळ्या मोडल्या, तपकिरी तुडतुडे उसळले आणि पिके बसली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने देवळांच्या या जाळ्याचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला आणि जुने वेळापत्रक पाणी आणि कीड या दोन्ही दृष्टींनी किती नेमके आहे, हे संगणकावर मांडून दाखवले.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे साक्री तालुक्यात गेली. पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी गावकरीच वाटून घेत आले आहेत आणि त्यासाठी पाटकरी, जागल्या नेमत आले आहेत, हे मी तिथे पाहिले होते. तेव्हा मला ती केवळ एक जुनी सोय वाटली होती. जातिलुविहच्या मेरेवर, म्हणजे खाचराच्या बांधावर, उभी असताना मला त्या पाटकऱ्यांची फार आठवण आली आणि मी त्यांना तेव्हा पुरेसे प्रश्न विचारले नाहीत, याची खंत वाटली.

संध्याकाळी व्हिलेत परतलो तेव्हा शेजारच्या जागेत यंत्र खडखडत होते. तिथे आणखी एका निवासाचा पाया खणला जात होता. दुसऱ्या पाहुण्यांनी आवाजाची तक्रार केली, आणि ती रास्तच होती. मी वायान यांना विचारले की आमच्या तलावाचे पाणी कुठून येते. पाटातून नाही, कूपनलिकेतून, असे त्यांनी सांगितले. दहा वर्षांपूर्वी घरची विहीर जिथे लागत होती तिथे आता पाणी लागत नाही, हेही त्यांनी सांगितले. त्यांच्या भावाने शेत भाड्याने दिले आहे, त्यांनी स्वतः अजून दिलेले नाही. मुलगा चांगूला हॉटेलात कामाला आहे आणि त्याला शेती नको आहे. व्हिलेच्या पगारावर माझे घर चालते, हे त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितले. त्यानंतर मी त्या तलावात उतरले नाही. त्याने कुणाचे पाणी वाढले नाही, हे मला कळते, तरीही उतरवले नाही.

सहावा दिवस, १३ जून

निघायच्या आधी आई लावणी झालेल्या खाचराकडे गेली. तीन दिवसांत रोपे सावरली होती, पाती सरळ उभी होती आणि तिची ती पहिली दाट ओळ मेरेवरून अजून ओळखू येत होती. शेतकरी पाटावर होते. तेंबुकुच्या खाचेत अडकलेला पाचोळा काढून त्यांनी पाणी मोकळे केले आणि आईला हात जोडले. ईबु म्हणणाऱ्या मुलीने तिला एक चानांग सारी दिली. आईने ती बरोबर आणली नाही, पाटाच्या काठावर ठेवली.

विमानतळावर बाबांचा फोन लागला. पाऊस दोन दिवस उघडला होता, पेरलेला तरवा बोटभर वर आला होता, आणि रोपांत किती अंतर ठेवतात तिकडे, एवढेच त्यांना विचारायचे होते. आईने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताची वीत हवेत पसरली, मग ते त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "एक वीत. आपल्यापेक्षा जरा विरळ."